सासूबाईंच्या लघवीत जंतू निघालेत, त्रास काहीच नाही. पुन्हा अँटिबायोटिक द्यावं का?

नमस्कार. वडोदऱ्यात, दांडिया बाजारात राहते. सोमवारी डॉक्टरांकडे जायचंय, त्याआधी कुणी अनुभवी सांगेल तर फार बरं होईल.

सासूबाई ७४ वर्षांच्या, मधुमेह आहे. दिवाळीनंतर सर्दी-खोकला धरून बसला, म्हणून मीच जवळच्या मेडिकलमधून सेफिक्झिम या अँटिबायोटिकची पट्टी आणली. चिठ्ठी कुणी मागितली नाही. पट्टीच्या पाठीवर उभी तांबडी रेघ होती, ती मी बघितलीही होती. ती रेघ म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये अशी सूचना, हे नंतर कळलं. हे औषध शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत येतं, विकणाऱ्याने रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव वहीत लिहायला हवं. साध्या सर्दीला, जी बहुतेकदा विषाणूंची असते, मी हे दिलं. फार वाईट वाटतं.

गोळ्या संपल्या आणि आठवड्यात जुलाब लागले. दिवसातून दहा-बारा वेळा, पाण्यासारखे, मुरडा येऊन. आम्ही ओआरएस आणि मऊ भातावर थांबलो. तिसऱ्या रात्री त्या न्हाणीच्या उंबऱ्याला धरून बसल्या होत्या, उठवेना. भरती केलं, शौचाच्या तपासणीत सी. डिफ नावाच्या, जुलाब करणाऱ्या आतड्यातल्या जिवाणूचं विष सापडलं. तिथल्या डॉक्टरांनी छान समजावलं: आतड्यातले आपले जिवाणू त्याला जागा आणि अन्न मिळू देत नाहीत, शिवाय पित्ताचे क्षार असे बदलतात की त्याची वाढ खुंटते. अँटिबायोटिकने ते मेले, की हा वाढतो. मग दहा दिवस, दिवसातून चार वेळा, व्हँकोमायसिन, म्हणजे सी. डिफवरचं अँटिबायोटिक. इंजेक्शनचीच बाटली, पाण्यात कालवून तोंडाने. रक्तात जवळजवळ जात नाही, आतड्यातच काम करतं म्हणे. प्रत्येक घोटाला सासूबाई डोळे मिटून घ्यायच्या.

आता त्या बऱ्या आहेत. वरणभात, दुधीची भाजी खातात, सकाळी गच्चीवर चालतात. पण मधुमेहाच्या नेहमीच्या तपासणीबरोबर लघवीचं कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) झालं आणि त्यात ई. कोलाय हे जंतू, मिलिलिटरमागे एक लाखाच्या वर. जळजळ नाही, ताप नाही, कंबर दुखत नाही. तरी फॅमिली डॉक्टरांनी फोनवर नवा कोर्स सांगितला. पुण्याहून नणंद रोज विचारतात, "वहिनी, सुरू केलं का? रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे ना!" पट्टी फ्रिजवर पडून आहे. त्या पहिल्या आठवड्याची आठवण आली की माझा हात पुढे होत नाही. पण न देणं ही माझी भीती आहे की शहाणपण, तेच कळत नाही. घरात संडास एकच आहे, त्याचंही सांगा.

प्रतिसाद:
ताई, मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये काम करते, डॉक्टर नाही. वय झालेल्या बायकांमध्ये, त्यातून मधुमेह असेल तर, त्रास नसताना लघवीत जंतू सापडणं अगदी नेहमीचं आहे. अशाला अँटिबायोटिक देऊ नये असंच मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. गरोदरपण आणि मूत्रमार्गाच्या काही शस्त्रक्रिया एवढे अपवाद. सी. डिफ एकदा झाला की साधारण पाचातल्या एकाला पुन्हा होतो, आणि नवं अँटिबायोटिक त्याला वाट करून देतं. म्हणून सोमवारी पहिलं वाक्य हेच सांगा: "यांना नुकताच सी. डिफ झालाय, लघवीचा त्रास काही नाही, तरी औषध लागेल का?" डिस्चार्जचा कागद न्या. थंडी वाजून ताप, जळजळ, कुशीत दुखणं असं काही झालं तर मात्र थांबू नका. पुन्हा पातळ झालं तर जुलाब थांबवायची गोळी स्वतःहून देऊ नका, शौच तपासायला पाठवा.

संडासाबद्दल: सॅनिटायझरने सी. डिफचे बीजाणू (टणक कवचातलं त्याचं सुप्त रूप) मरत नाहीत. साबण लावून हात नीट चोळून धुवायचे. भांडं, नळ, कडी ब्लीचने पुसायची.

मूळ लेखिका:
खूप आभार. सॅनिटायझरची बाटली आम्ही संडासाच्या दाराशीच ठेवली होती, आता साबण ठेवला. नणंदेला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, त्या म्हणाल्या सोमवारपर्यंत थांबू. एक राहिलंच: सासूबाईंना दुपारी ताक लागतं, शेजारच्या बेन प्रोबायोटिकच्या (चांगल्या जिवाणूंच्या) पुड्या घेऊन आल्यात. ताक चालू ठेवते, पुड्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देत नाही. कुणाच्या घरी दिल्या असतील तर सांगाल का?