रताळ्याचं मॅश पाणचट होतंय? उकडू नका, भाजा

व्हिडिओ बघून केलेलं मॅश, म्हणजे कुस्करलेलं रताळं, पाणचट आणि दोऱ्यादोऱ्यांचं झालं म्हणताय, म्हणजे बहुतेक सोलून, फोडी करून पाण्यात उकडलीत. रताळं पाणी पितं. सालीसकट अख्खं भाजा, ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत झाकण ठेवून अगदी मंद आचेवर. घाई नको. आतलं तापमान ६० ते ७५ अंशांच्या आसपास जितकं रेंगाळेल तितकं त्यातलं एन्झाइम स्टार्चची माल्टोज साखर करत राहतं, त्यामुळे वरून साखर लागत नाही. कुकरमध्ये हा टप्पा झटकन निघून जातो.

व्हिडिओतली केशरी रताळी वेगळी, ती मुळातच ओलसर. आपल्या बाजारातली लाल सालीची, आत पांढरी रताळी कोरडी असतात, त्यामुळे दूध जास्त लागणारच. अर्धा किलोला पाव कपापासून सुरुवात करा, तेही गरम. आणि मिक्सर अजिबात नको, लगदा खळीसारखा चिकट होतो. गरम असतानाच पुरणयंत्रातून काढा, दोरे वरच राहतात.

क्रीमचा डबा कशाला आणायचा? कोल्हापुरात राहून! गंगावेशीतून म्हशीचं दूध आणा, त्याची साय आणि चमचाभर लोणी पुरे. मीठ, मिरपूड, हवं तर तुपात परतलेला लसूण. उपवासाला करायचं तर लसणाऐवजी जिरं आणि हिरवी मिरची.

आमच्याकडे हे सुक्या मटणाबरोबर वाढतात. पाहुण्यांना विचित्र वाटतं, पण तिखटाला उतारा म्हणून भातापेक्षा मला हेच आवडतं.