आयएनओ गेलं, खापर मात्र ठरलेल्या डोक्यावर

तिरशिंगराव

"भारतातलं अ‍ॅस्ट्रोपार्टिकल (म्हणजे अवकाशातून येणाऱ्या सूक्ष्म कणांचं) संशोधन पर्यावरणवाल्यांनी मारलं" अशा अर्थाचा एक लेख आठवडाभर सगळीकडून येतोय. माझ्या मेव्हण्यानेही पाठवला, खाली लालबुंद चेहरे लावून. म्हणणं असं की, चीनचं जूनो २०२५ च्या ऑगस्टपासून न्यूट्रिनो (कशातूनही आरपार जाणारे सूक्ष्म कण) मोजायला लागलं, आपलं आयएनओ, म्हणजे भारताची न्यूट्रिनो वेधशाळा, तमिळनाडूतल्या बोडीच्या डोंगरात शिरलंच नाही आणि हे पाप झोळीवाल्यांचं. सोडून देणार होतो, राहवलं नाही.

जूनोचं भूमिपूजन झालं २०१५ च्या जानेवारीत. आयएनओला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली तीही २०१५ च्या जानेवारीतच, साधारण १,५०० कोटींची. दोघं एकाच महिन्यात रेषेवर उभे. मग २०१७ मध्ये हरित लवादाने आपली पर्यावरण मंजुरी अडवली. का? ज्या संस्थेकडून परिणाम अहवाल करून घेतला, तिच्याकडे तसा अहवाल करायची मान्यताच नव्हती. शिवाय मथिकेट्टन शोला राष्ट्रीय उद्यान पाच किलोमीटरच्या आत येतं, तिकडे काणाडोळा. हे झोळीवाल्यांनी केलं का? त्याआधी २००९ मध्ये नीलगिरीतली सिंगाऱ्याची जागाही मुदुमलाईच्या वाघांपायी गेली होती. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. इथे पुढचा आणि मागचा एकच होता, तरी शहाणा झाला नाही.

आणि 'संपलं' म्हणणाऱ्यांनी एकदा उटीला जावं, फक्त बोटिंगला नको. टीआयएफआरचं (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं) ग्रेप्स-३, अवकाशातून येणारे कण मोजणारं, तिथे २,२०० मीटरवर आहे. उतारावर शंकूच्या आकाराची सुमारे ४०० खोकी आठ-आठ मीटरवर मांडलेली, प्रत्येकात एक चौरस मीटरचा, कण आदळला की चमकणारा सिंटिलेटर, तोही तिथेच बनवलेला. बाजूला काँक्रीटच्या थरांखाली ३,७१२ चौकोनी लोखंडी नळ्यांची, म्युऑन (इलेक्ट्रॉनचे जड भाऊबंद) मोजणारी दुर्बीण. या नळ्या कोलारच्या खाणीतल्या जुन्या प्रयोगाच्या, भंगारात न जाता इथे आल्या. त्यांवर २०१४ च्या डिसेंबरमधल्या एका गडगडाटी ढगातला विद्युतदाब मोजला, १.३ अब्ज व्होल्ट. २०२४ मध्ये याच लोकांनी शंभर टेराइलेक्ट्रॉनव्होल्टच्या पलीकडे प्रोटॉनच्या वर्णपटात नवा वाक दाखवला. आयएनओच्या तुलनेत चिल्लर खर्चात.

माजी अणुशक्तीनगरकर

तिरशिंगराव, कागदांबद्दल अर्धंच सांगितलंत. २०१८ च्या मार्चमध्ये मंत्रालयाने नव्याने मंजुरी दिली, नोव्हेंबरात लवादाने ती कायम ठेवली, फक्त वन्यजीव मंडळाची परवानगी घ्या म्हणाले. म्हणजे कागद सुधारले होते. तरीही २०२१ मध्ये मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं, प्रकल्प नको. २०२२ मध्ये तमिळनाडूने सर्वोच्च न्यायालयात तेच प्रतिज्ञापत्र दिलं. आता सांगा, कागद नीट असते तर यांनी हार घेऊन स्वागत केलं असतं का?

लोकांत काय पसरवलं होतं ते विसरू नका. न्यूट्रिनोने कॅन्सर होतो. आत अणुकचरा पुरणार. सुरुंगांनी मुल्लपेरियार धरण फुटेल. अहो, तुम्ही हे वाचताय तेवढ्या वेळात सूर्याकडून आलेले न्यूट्रिनो तुमच्या आरपार गेलेत, अब्जावधींनी!

आणि उटीचं कौतुक मलाही आहे, पण उटीने न्यूट्रिनोंच्या वस्तुमानांचा क्रम कळत नाही. आयकाल, म्हणजे आयएनओचा मुख्य डिटेक्टर, ५० हजार टन चुंबकीय लोखंडाचा होता. म्युऑन धन की ऋण, म्हणजेच न्यूट्रिनो की प्रतिन्यूट्रिनो, हे तो वेगळं ओळखणार होता. जूनोला हे जमत नाही, त्यांची पद्धतच निराळी. आपल्याकडे खास आपला असा एक प्रश्न होता. १९६५ मध्ये कोलारला, २.३ किलोमीटर खोल, वातावरणातले न्यूट्रिनो पहिल्यांदा दिसले त्यात आपण होतो, ओसाका आणि डरहॅमच्या जोडीने. नव्वदीत खाण परवडेनाशी झाली म्हणून ते बंद. १९९८ मध्ये जपान्यांनी सुपर-कामिओकांडेत न्यूट्रिनोंचं दोलन (एका प्रकारातून दुसऱ्यात बदलणं) दाखवलं, २०१५ ला नोबेल. आपण प्रत्येक वेळी पहिल्या ओळीत जागा धरतो आणि मध्यंतरात उठून जातो.

रानवाटा

'लोकांत काय पसरवलं', हे वाक्य मी रत्नागिरीत इतक्या वेळा ऐकलंय की पाठ झालंय. लोक मूर्ख, आम्ही शहाणे.

एका प्रकल्पाच्या जनसुनावणीला गेले होते. नाव घेत नाही, विज्ञानाचा नव्हता. मंडपात पहिल्या तीन रांगा पोलिसांच्या. अहवाल इंग्रजीत, जाडजूड, आदल्या दिवशी तहसीलमध्ये 'पाहायला उपलब्ध'. एक म्हातारा मासेमार उठला आणि विचारलं, गरम पाणी खाडीत सोडलं तर मुळे (शिंपले) आणि कालवं राहतील का? साधा प्रश्न, विज्ञानाचाच. स्टेजवरून उत्तर आलं, "आजोबा, विकासाला विरोध करू नका." माईक पुढच्याकडे. त्या म्हाताऱ्याने पुढे कॅन्सरची अफवा खरी मानली तर मी त्याला दोष देणार नाही.

बोडीतही पैसा अणुऊर्जा विभागाचा. कुडनकुलमच्या अणुवीज प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनाचं २०११-१२ ला जे झालं ते तमिळनाडूने पाहिलं होतं. त्याच विभागाची पाटी लावून, डोंगराखाली एक किलोमीटर खडकाच्या आड काहीतरी करणार म्हटल्यावर माणसं घाबरणार नाहीत तर काय ओवाळणार?

माजी अणुशक्तीनगरकर

विभागाचा द्वेष आणि विज्ञान वेगळं ठेवा, ताई. मेसही त्याच विभागाचं आहे. हानलेला ४,२७० मीटरवर २१ मीटर व्यासाची दुर्बीण, ऑक्टोबर २०२४ ला उद्घाटन. आरसे, कॅमेरा, सगळं भाभा अणुसंशोधन केंद्राचं आणि ईसीआयएल या सरकारी कंपनीचं. गॅमा किरण वातावरणात शिरला की काही नॅनोसेकंदांची निळी चमक होते, ती पकडतात. लडाखच्या थंडीत माणसं राबली. तिथे कोणी मोर्चा काढला नाही.

रानवाटा

कारण तिथे डोंगर पोखरायचा नव्हता.

पदरमोड_पीएचडी

सगळे यंत्रांचे टन मोजताय. यंत्रं चालवणाऱ्यांबद्दल कुणी बोलेल?

मी याच क्षेत्रात. आमच्या प्रयोगशाळेत काचेच्या दोन पत्र्यांमध्ये दोन मिलिमीटर फट ठेवून गॅस सोडतात. आयकालसाठी असे जवळपास तीस हजार डिटेक्टर लागणार होते. बटणासारखे स्पेसर चिकटवायचे, एकही सुटला तर काच फुगते आणि सगळं पुन्हा. मी कित्येक काचा चिकटवल्या, गळती शोधत साबणाच्या पाण्याचे फुगे बघत बसलो. ते डिटेक्टर कुठे लागणार, हे मला कोणी सांगू शकलं नाही. दरम्यान फेलोशिप महिनोन्‌महिने आली नाही. कागदावर २०२३ पासून जेआरएफ (पीएचडीची फेलोशिप) महिना ३७,००० झालीय, अभिनंदन. मेसवाला मात्र कागद घेत नाही. (हा हॉस्टेलचा मेस, हानलेचा नव्हे.)

माझ्या बॅचचा एक आता जर्मनीत, एक बंगळुरात बँकेसाठी मॉडेल लिहितो. पर्यावरणवाल्यांनी त्यांना नाही घालवलं.

हिंगोलीकर

आमच्याकडं कुणी बघतंय का? गुरुत्वीय लहरी पकडणारं लायगो-इंडिया औंढा नागनाथला होतंय. एकट्याचं २,६०० कोटींचं. पुण्या-मुंबईची माणसं बोडीवर रडतायत अन् मराठवाड्याचं नाव पण नाही!

माजी अणुशक्तीनगरकर

गुरुत्वीय लहरी म्हणजे अ‍ॅस्ट्रोपार्टिकल नव्हे, राव.

हिंगोलीकर

युरोपवाले एकाच पंगतीत बसवतात, तुम्हीच पानावरून उठवा. २०१६ च्या ११ फेब्रुवारीला लहरी सापडल्याचं जाहीर झालं, १७ ला दिल्लीनं तत्त्वतः मंजुरी दिली. सहा दिवसांत! मग अंतिम मंजुरी कधी, २०२३ च्या एप्रिलला. सात वर्षं. आमच्याकडं तर मोर्चा पण नव्हता. जमीन दिली, भांडलो नाही. मग ही सात वर्षं कुठल्या झोळीवाल्यानं खाल्ली ते सांगा आधी.

तिरशिंगराव

हिंगोलीकर, मी दोन हजार शब्द लिहून जे सांगितलं नसतं ते तुम्ही एका ओळीत सांगितलंत. अमेरिकेने हॅनफर्डला तिसऱ्या डिटेक्टरचे भाग आपल्यासाठी बाजूला काढून ठेवलेत, ते खोक्यांतच आहेत.

गणिती_नाना

पण मुळात हिंगोली का? २०२४ मध्ये मार्चला ४.५ चा धक्का, जुलैला पुन्हा ४.५. वसमतच्या पांगरा शिंदे गावात जमिनीतून आवाज येतात म्हणून लोक रात्री बाहेर झोपले. आणि आपण तिथे प्रोटॉनच्या दहाहजाराव्या भागाएवढी हालचाल मोजणार?

हिंगोलीकर

आलात का पुन्हा आमच्या गावावर! नाना, तुम्ही कधी पांगरा शिंदेत झोपलात का? माझी मावशी तिथली. आवाज येतो, भांडी खडखडतात, मग ती उठून गोठ्यात एक चक्कर मारून येते. जपानात धक्के नाहीत का? त्यांनी त्यांचं लायगोसारखं काग्रा डोंगरात बसवलंच ना?

पदरमोड_पीएचडी

नाना, भूकंप वेगळा, भूकंपीय कंप वेगळा. धक्का आला की यंत्राचं लॉक सुटतं, थोड्या वेळाने पुन्हा लागतं. अमेरिकेतही दूरच्या भूकंपाने हेच होतं. रोजचा त्रास रस्ते, रेल्वे, समुद्राच्या लाटा यांचा. त्यासाठीच शांत जागा शोधत औंढ्याला आले. आरसे टांगण्याआधी कंप मारण्याचे कितीतरी टप्पे असतात.

गणिती_नाना

ठीक. मग चार-चार किलोमीटरच्या दोन हातांमध्ये रस्ता, क्रशर, ऊसतोडीचे ट्रक नकोत. त्याबद्दल गावाला सांगितलंय का?

हिंगोलीकर

गावाला सांगितलंय 'जागतिक दर्जाचं'. पोरं म्हणाली नोकऱ्या लागतील. मी चौकशी केली तर वॉचमन, ड्रायव्हर, बागकाम. भौतिकशास्त्रात एमएससी झालेली आमच्या तालुक्यात कितीतरी पोरं आहेत, कोचिंगमध्ये तास घेतात. त्यांना आतमध्ये कुठल्या दारानं घेणार? आणि आमची हळद बघून जा कधी, तीही जागतिक दर्जाची आहे.

रानवाटा

हेच म्हणत होते. बोडीत बोलले नाहीत, औंढ्यात गोड बोलले. दोन्हीकडे माहिती दिलीच नाही.

माजी अणुशक्तीनगरकर

वॉचमनची नोकरीही नोकरीच असते. आमच्या काळी तुर्भ्याला हेल्पर म्हणून लागलेली माणसं टेक्निशियन होऊन निवृत्त झाली. आणि सगळ्यात विभागच व्हिलन कसा? खोडदची जीएमआरटी रेडिओ दुर्बीण बघा, तीही विभागाचीच. ४५ मीटरच्या ३० डिश, जुन्नरच्या शेतांत. २०२३ मध्ये पल्सार (ठोके देणारे तारे) मोजून नॅनोहर्ट्झच्या गुरुत्वीय लहरींचा पुरावा जाहीर करणाऱ्यांत तीही आहे. शेतकऱ्यांशी जमवून घेतलंच ना?

तिरशिंगराव

बरोबर, आणि म्हणूनच बोडीचं 'लोकच अडाणी' हे कारण टिकत नाही. तीच माणसं, तोच विभाग, जुन्नरला जमलं.

माजी अणुशक्तीनगरकर

जुन्नरला बोगदा नव्हता, बाजूला दुसऱ्या राज्यातलं धरण नव्हतं, निवडणूक नव्हती. तुमच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर एकच, साहेब चुकले.

बरं, घ्या. परिणाम अहवाल मान्यतावाल्या संस्थेकडून करून घ्यायला हवा होता. झालं समाधान? ज्यांनी केला ते सलीम अलींच्या नावाच्या संस्थेतले, आयुष्य पक्ष्यांवर काढलेले. शिक्का नव्हता म्हणून त्यांना जंगल कळत नाही आणि शिक्का असलेल्या कुठल्याशा कन्सल्टंटला कळतं, हे तुमच्या लवादाला शोभतं.

रानवाटा

'तुमच्या' लवादाला? लवाद सरकारचा आहे हो. आणि शिक्क्यावर तुम्हाला हसू येतंय? तोच नियम उद्या एखाद्या खाणमालकाला लावायचा असेल तर तो आधी वेधशाळेलाही लावावा लागतो.

पदरमोड_पीएचडी

मदुराईत ८५ टनांचं मिनी-आयकाल आहे. चालू आहे, मोजतंय. या धाग्यात त्याचं नाव मीच पहिल्यांदा घेतोय. असो, माझं पोस्टडॉकचं पत्र आलंय. जपान.

माजी अणुशक्तीनगरकर

अभिनंदन. परत येणार का?

पदरमोड_पीएचडी

कशावर?

हिंगोलीकर

औंढ्याला या. वॉचमनची जागा आहे.