शब्दचर्चा : ‘निंदणीकरण’ हा शब्द दप्तरात ठेवावा का?

कागदवाला, मुंबई
मंडळी, एका सरकारी पत्रात ‘अभिलेखांचे वर्गीकरण, निंदणीकरण व नष्टीकरण’ अशी तिहेरी माळ वाचली. अभिलेख म्हणजे दप्तरातले जुने कागद, एवढं कळलं. आमची संस्था छोटी आहे. जुने फोटो, युनियनची पत्रकं, चाळींच्या कमिट्यांची इतिवृत्तं असं काय काय सांभाळतो. सध्या संग्रहाचे नियम मराठीत लिहायला घेतलेत. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, ‘‘कागदांची निंदा कशाला करायची?’’ प्रश्न रास्त आहे. हा शब्द कुठून आला, आणि आम्ही तो वापरावा का? छाननी, निवड, वेचणी हेही डोळ्यांसमोर आहेत.

वऱ्हाडी
निंदेशी याचा काही संबंध नाही. निंदणे म्हणजे पिकातलं तण काढणे. आमच्याकडे अजूनही ‘बाया निंदाले गेल्या’ म्हणतात. कोल्हापूर-सांगलीकडे भांगलण, कोकणात भाताची बेणणी, बाकी बऱ्याच ठिकाणी खुरपणी. मुंबईकरांना यातलं काहीच ऐकू येत नाही, म्हणून निंदा ऐकू येते.
माझी तक्रार ‘-करण’बद्दल आहे. निंदणी हेच क्रियेचं नाव. त्याला पुन्हा करण जोडायचं तर उद्या पेरणीकरण आणि कापणीकरणही येईल.

जुना कारकून
शब्द कार्यालयात रुळलेला आहे, त्यामागची पद्धत सांगतो. सरकारी कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. अ म्हणजे कायम जपायचे, ब तीस वर्षं, क त्याहून कमी, आणि ड म्हणजे थोड्याच दिवसांचे सोबती. टेबलावर सहा गठ्ठे पद्धत असते. त्यातला एक गठ्ठा अभिलेख कक्षात पाठवायचा, एक नष्ट करायचा, बाकीचे चालू कामाचे. संचिका, म्हणजे फाइल, अभिलेख कक्षात जाण्याआधी तिच्यातली स्मरणपत्रं, पोचपत्रं, त्याच पत्राच्या चार-चार प्रती काढून टाकायच्या. हे काढणं म्हणजे निंदणीकरण. अख्खी संचिका जाळणं वेगळं. लोक दोन्ही एकच समजतात आणि तिथेच घोळ होतो.
जाता जाता, ‘प्रकरण दप्तरी दाखल’ हा शेराही बघा. कार्यालयात त्याचा अर्थ विषय संपला, पुढे काही करायचं नाही. तुमच्यासारख्यांचं काम त्या शेऱ्यानंतर सुरू होतं.

परळकर
कारकूनकाका, पद्धत समजली, पण शब्दाला माझा विरोध आहे. शेतात तण कुठलं आणि पीक कुठलं यावर वाद नसतो, कारण काय पेरलंय ते ठाऊक असतं. गिरणीच्या दप्तरात ते कोणाला ठाऊक होतं?
१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली. पुढे गिरण्या एकेक करत बंद पडल्या आणि गिरणी कामगारांसाठी घरांची योजना आली, तेव्हा म्हाडाकडे कामगार असल्याचा पुरावा द्यावा लागला. तिकीट नंबर, हजेरीपत्रक, ईएसआयचं कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाची पावती, लाल पास. माझ्या पाहण्यात एका गिरणीची हजेरीची वही आली. कायमवाल्यांची नावं पुठ्ठ्याच्या जाड वहीत, शाईने, तिकीट नंबरासकट. बदलीवाल्यांची, म्हणजे गैरहजर कामगारांच्या जागी घेतलेल्यांची, मात्र सुट्या कागदांवर, पेन्सिलने, तीही टाचणी मारून वहीत खोचलेली. टाचणी गंजली, कागद तिथेच फाटला, दोन नावं अर्धी गेली. ‘सुटे कागद काढून टाका’ हा नियम कोणी इमानदारीने पाळला असता तर निंदणीत सगळे बदलीवालेच निघाले असते.
आमच्या चाळीत या कागदांना अभिलेख कोणी म्हणत नाही. ‘पुरावा’ म्हणतात. पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाखाली. इतिहासवाले आले की लोक आधी विचारतात, परत देणार ना?

मोडीवाली
परळकरदादांना दुजोरा. २०२३ मध्ये मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती शिंदे समितीचं काम सुरू झाल्यापासून मोडी वाचणाऱ्यांना कधी नव्हे ती मागणी आली. या नोंदी शोधताना गाव नमुना १४, म्हणजे लोकांच्या तोंडचं कोतवाल बुक, पुन्हा उघडलं गेलं. गावात कोण जन्मलं, कोण गेलं, एवढंच त्यात. लिहिणाऱ्या कोतवालाला काय कल्पना, की जातीच्या रकान्यातल्या एका शब्दासाठी शंभर वर्षांनी तहसीलसमोर रांग लागेल! ‘नोंद सापडली का’ हा प्रश्न आता घराघरांत विचारतात. इतका साधा शब्द असताना आपण ‘अभिलेख’ म्हणून लोकांना दाराबाहेर उभं करतो, असं माझं स्पष्ट मत. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेख, म्हणजे सरकारच्या जुन्या कागदांचा संग्रह, आहे हे त्यावरून रोज जाणाऱ्यांनाही माहीत नसतं. पाटी वाचूनही कळत नाही, हा दोष पाटीचा.
आता ‘निवड’विषयी. गो. स. सरदेसाईंनी पेशवे दप्तरातले निवडक कागद १९३० पासून ४५ भागांत छापून काढले. न निवडलेले कागद पुण्यात रुमालांत बांधलेले राहिलेच. नव्या लोकांसाठी, रुमाल म्हणजे फडक्यात बांधलेला गठ्ठा, खिशातला नव्हे. म्हणजे निवड केली की उरलेलं टाकलं असा अर्थ होत नाही. काढून टाकण्याला ‘निवड’ म्हणणं ही शुद्ध लबाडी होईल.

वऱ्हाडी
आणि वेचणी कापसाची. चांगलं ते घ्यायचं, पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, उभीच. म्हणजे तीही निवडीच्याच गोत्रातली.

जुना कारकून
छाननी म्हटलं की निवडणुकीचे अर्ज आठवतात, वैध की अवैध. कागद वैधच असतो हो, प्रश्न जागेचा असतो. गोडाऊनचं भाडं, वाळवी, पावसाळ्यातली ओल. सगळं ठेवू म्हणणाऱ्यांनी एक जुलै महिनाभर मुंबईच्या तळमजल्यावर गठ्ठे सांभाळून दाखवावेत.

परळकर
जागेची अडचण खरी, पण मग तसंच लिहा. ‘जागेअभावी काढले’ असं. तण होतं म्हणून काढलं असं नको.

कागदवाला, मुंबई
मसुदा असा करतोय. संचिकेतल्या दुबार प्रती काढायच्या त्याला ‘निंदणी’. अख्खा गठ्ठा संग्रहातून बाहेर जाणार असेल तर सरळ ‘काढून टाकणे’, आणि पुढे दोन रकाने : कारण काय, ठरवलं कोणी. सुट्या, टाचलेल्या, पेन्सिलीच्या कागदांना निंदणी लागू नाही, हे वेगळ्या कलमात. आणि ज्या घरातून कागद आले त्यांना आधी विचारायचं, हवे असतील तर परत.

जुना कारकून
काय काय काढलं त्याची यादी मात्र अ वर्गात टाका. ती नष्ट करायची नाही.

मोडीवाली
आणि यादीवर सही वाचता येईल अशी करा. मोडीत चालेल.

वऱ्हाडी
‘-करण’ काढलं ना? मग माझी हरकत नाही.