मदत हवी आहे: पन्नाशीला साधी निगा पुरते का?

मैत्रिणींनो, वय ४९, राहणार नाशिक. आजवर चेहऱ्याला डाळीचं पीठ आणि हिवाळ्यात खोबरेल, बस्स. पाळी मागेपुढे व्हायला लागल्यापासून मात्र गाल ताणल्यासारखे वाटतात, पिठाने तर चक्क चुरचुरतं. इस्ट्रोजेन हार्मोन कमी झालं की त्वचा कोरडी, पातळ होते म्हणे. म्हणून सौम्य फेसवॉश, ओलसर चेहऱ्यावरच मॉइश्चरायझर आणि सकाळी एसपीएफ ३०चं सनस्क्रीन सुरू केलंय. (स्कूटरवर स्कार्फ असतोच, तरी वांग हटत नाहीत!) भाची म्हणते, रेटिनॉल (सुरकुत्यांसाठी रात्री लावायचा ‘अ’ जीवनसत्त्वाचा प्रकार) हवंच. पार्लरवाली तर सीरमची अख्खी रांग मांडते. पंचेचाळिशीनंतर रेटिनॉल सुरू केलेल्या कोणी आहात का? आठवड्यातून किती रात्री लावता? सुरुवातीला सालं निघाली का? की माझ्या तीन गोष्टी पुरे?