तीन नंबरात मराठी आमदार का नाही? : एका पोस्टला वैतागून दिलेलं उत्तर

रामबागवाला

परवा आपल्या मंडळाच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरली. 'इंदूर-३ चा इतिहास म्हणजे मराठी माणसाच्या हकालपट्टीचा इतिहास. राजवाडा आपला, होळकरांच्या छत्र्या आपल्या, आमदार मात्र कधीच आपला नाही. आता तरी एक व्हा.' खाली जोडलेले हात अठरा, भगवे झेंडे बारा. (मोजले. दुपारी वेळ होता.)

तिथे चार ओळी लिहिल्या तर ॲडमिननं 'गुड मॉर्निंग' टाकून विषय बदलला. म्हणून इथे सविस्तर लिहितो.

हकालपट्टी म्हणायला आधी कोणीतरी हाकलावं लागतं. १९८५ ला सुमित्राताई महाजन याच तीन नंबरातून, म्हणजे इंदूर-३ मतदारसंघातून, विधानसभेला उभ्या होत्या. काँग्रेसच्या महेश जोशींनी त्यांना पाडलं. इंदिराजी जाऊन जेमतेम चार महिने झाले होते, तेव्हा भलेभले पडले, ते सोडा. पण चारच वर्षांनी त्याच ताईंनी लोकसभेला प्रकाशचंद्र सेठींना पाडलं. माजी मुख्यमंत्री, माजी गृहमंत्री असलेला माणूस! आणि मग २०१४ पर्यंत आठ वेळा, वर लोकसभेचं अध्यक्षपद. चिपळूणची लेक, इंदूरची सून. कोणी हाकललं हो त्यांना?

आता तीन नंबराची पुढची यादी. जोशी काँग्रेसचे, बाकी सगळे भाजपचे. ९० आणि ९३ गोपीकृष्ण नेमा. ९८, ०३, ०८ अश्विन जोशी, म्हणजे महेश जोशींचे पुतणे. १३ उषा ठाकूर. १८ आकाश विजयवर्गीय. २३ गोलू शुक्ला, समोर पुन्हा जोशींच्याच घरातला पिंटू. एक घराणं अडतीस वर्षं तिकीट धरून बसतं, दुसऱ्या पक्षात अलीकडे दर वेळी नवा माणूस येतो, आणि आपण? आपण सकाळी सातला रांगेत पहिले. मत कमळाला, बोटाला शाई, घरी येऊन पोहे. आपलं मत आधीच खिशात पडलेलं असतं, मग आपल्याला तिकीट कोण कशाला देईल? खिशातल्या पैशाला कोणी व्याज देतं का?

माझं एवढंच म्हणणं. हकालपट्टी वगैरे काही नाही, आपण गृहीत धरले गेलोय, आणि त्यात आपला हात आहे.

लोकमान्यनगरकर

'मत खिशात' म्हणजे काय हो? विचारानं मत देणं म्हणजे विकलं जाणं का? माझे वडील आणीबाणीत एकोणीस महिने आत होते. तेव्हा तुमच्यासारखे हिशेबी लोक घरात बसून रेडिओ ऐकत होते.

या प्रांतात हा पक्ष उभा कोणी केला? धारच्या कुशाभाऊ ठाकऱ्यांनी. मराठी माणूस. जन्मभर झोळी घेऊन फिरले. मराठी माणसानं घर बांधलं आणि तुम्ही विचारता भाडं का मिळत नाही!

आणि इतिहास लिहायला बसलात तर पूर्ण लिहा. ७७ ला जनता लाटेत राजेंद्र धारकर आमदार झाले, नंतर महापौर झाले. ते काय गुजराती होते?

रामबागवाला

धारकर राहिले. चुकलंच. यादी ८५ पासून सुरू केली हा माझा आळस.

पण काका, धारकर निघाले म्हणजे त्या पोस्टमधलं 'कधीच नाही' सुद्धा खोटं ठरलं. ते तुमच्याच गटातून आलंय. तिकडे पण सांगा की. आणि रेडिओचं म्हणाल तर माझा जन्म ७९ चा.

मिलिंद (मुक्काम पुणे)

इकडून बघताना फार वाईट वाटतं. मराठी समाजानं आता दबावगट करायला हवा. सगळ्या मंडळांनी मिळून एक उमेदवार द्यावा, अपक्ष का होईना.

रामबागवाला

मिलिंदराव, सगळ्या मंडळांनी मिळून गणपतीचा एक मांडव दिला तरी मी तुम्हाला सराफ्यात जिलेबी खिलवीन.

सुदामानगरची सून

दोघंही नकाशा न बघता भांडताय. तीन नंबरात मराठी माणूस उरलाय कुठे?

आमचं सासरचं घर राजवाड्याच्या मागच्या गल्लीत. लाकडी जिना, मधे चौक, आड. तीन भाऊ, सात खोल्या, एक नळ. ९४ ला विकलं. एक दीर सुदामानगर, एक लोकमान्यनगर, धाकटे टिळकनगर. म्हणजे एका वाड्याची मतं चार नंबर आणि पाच नंबरात वाटली गेली. घेणाऱ्यानं खाली दुकानं काढली, वर गोदाम. गोदामाला मत नसतं.

गंमत सांगते. आमची नावं पुढच्या तीन निवडणुका जुन्याच पत्त्यावर होती. अर्ज केले, फोटो दिले, तरी काही हललं नाही. मग आम्ही दर वेळी रिक्षा करून तिकडे जायचो. मत देऊन हे वाड्यासमोर पाच मिनिटं नुसते उभे राहायचे. मी कचोरी घ्यायची. ९८ ला, ०३ ला, ०८ ला. ०८ ला तर जोशी काही शे मतांनीच निघाले ना? त्यात आमची दोन होती. कुणाला ते नाही सांगत.

२०२३ ला तीन नंबर शहरातला सगळ्यात छोटा मतदारसंघ होता, दोन लाखांच्या आत मतदार. पाच नंबर चार लाखांपलीकडे गेला होता. मराठी आमदार हवा असेल तर राजवाड्यासाठी रडू नका, चार नंबरात मागा. तिथे मात्र ९३ पासून गौड घराणं. आधी लक्ष्मणसिंह, २००८ ला त्यांचा अपघात झाला, तेव्हापासून मालिनीभाभी, चार वेळा. मधे महापौर सुद्धा. उगीच नाही त्याला भाजपची अयोध्या म्हणत. मागून बघा तिकीट.

तात्या परदेशीपुरा

सगळे तीन-चार करताय. दोन नंबराचं कोणी बोलत नाही, कारण तिथे वाडे नव्हते, चाळी होत्या. तिथला मराठी माणूस तुमच्या मंडळात येत नव्हता आणि तुम्ही त्याला बोलावतही नव्हता.

माझे वडील खानदेशातून आले. गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम. कुठल्या ते सांगत नाही, शेवटचा हिशेब बुडवलान् तिनं. पहिला भोंगा झाला की आई चूल पेटवायची, दुसऱ्याला बाबा डबा घेऊन दाराबाहेर. आमच्या चाळीत अर्धे मराठी, अर्धे यूपीचे भैया. सगळे एकाच माणसाला मानायचे. होमी दाजी. पारशी! ५७ ला अपक्ष म्हणून आमदार, ६२ ला अपक्ष म्हणूनच खासदार. तेव्हा काँग्रेसमध्ये कामगारमंत्री कोण? व्ही. व्ही. द्रविड. आपले. त्यांच्या नावानं द्रविडनगर आहे, माहीत असेल. तरी मराठी कामगारानं द्रविडांचा पक्ष सोडून पारशी माणसाला मत दिलं. का? तो गेटवर उभा राहायचा म्हणून.

बासष्टला मी अकरा वर्षांचा. बाबांच्या खांद्यावर बसण्याचं वय नव्हतं तरी बसलो होतो, गर्दीच तशी. दाजी काय बोलले ते आठवत नाही. बाबा रडत होते एवढं आठवतं. ते एरवी रडत नसत, मारत असत.

आणि आज तुम्ही विचारताय आडनाव काय.

लोकमान्यनगरकर

तात्या, भावना समजतात, पण लाल झेंड्याचं कौतुक पुरे. संप करकरून गिरण्या कोणी बसवल्या? ६७ ला ती जागा परत काँग्रेसला, सेठींना गेली ती काय उगीच? लोक कंटाळले होते.

तात्या परदेशीपुरा

काय बोलताय! हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ ला बंद झाली. तेव्हा दाजी खासदार होऊन तीस वर्षं होत आली होती. लाल झेंडा कुठे होता हो तेव्हा? ५,८९५ कामगार एका रात्रीत रस्त्यावर. कोर्ट, लिक्विडेटर, जमिनीचा वाद, आणि पैसे हातात पडायला डिसेंबर २०२३ उजाडला. बत्तीस वर्षं! २२४ कोटी म्हणून पेपरात आलं, पण घ्यायला कितीजण जिवंत होते? विधवा रांगेत, कुठे कुठे नातू रांगेत. या बत्तीस वर्षांत सगळ्या पक्षांचे आमदार झाले. एकाला तरी ते पैसे लवकर आणता आले?

लोकमान्यनगरकर

आणले शेवटी कोणाच्या काळात ते पण सांगा.

तात्या परदेशीपुरा

सांगतो. ज्यांच्या काळात वीस वर्षं अडले त्यांच्याच काळात.

वकीलकाका

दोघांनीही आवाज जरा खाली. गिरणीवर वेगळा धागा काढा, मी येतो, त्यातल्या काही फाइली मी पाहिल्यात.

मूळ मुद्दा. रामबागवाला म्हणतात आपण गृहीत धरले जातो, सूनबाई म्हणतात आपण पांगलो. दोन्ही एकत्र ठेवून बघा. मराठी माणूस इंदुरात निवडून कुठे येतो? जिथे अख्खं शहर मत देतं तिथे. ताई लोकसभेला. कृष्णमुरारी मोघे महापौर झाले, तेही थेट निवडणुकीत. विधानसभेत मात्र तीनमध्ये जोशी-शुक्ला, दोनमध्ये भाजपचे रमेश मेंदोला. एका मतदारसंघात एखाद्या समाजाचा गठ्ठा लागतो, गल्लीत पोरं लागतात, भंडारे लागतात. आपला गठ्ठा कुठेच नाही, पाचही ठिकाणी थोडा थोडा. पण शहरभरच्या जागेला याच गोष्टीचा फायदा होतो. ब्राह्मण-बनिया-सिंधी-यादव यांच्यात ओढाताण झाली की मधला, कोणाशी वैर नसलेला मराठी उमेदवार सगळ्यांना चालतो. ताई आठ वेळा आल्या त्यात ताईंचं कर्तृत्व आहेच, पण हाही हिशेब होता.

आता तोही संपला. मतांचे फरक बघा. २००९ ला ताई ११,४८० नं आल्या, तेव्हा एकेक वसाहत महत्त्वाची होती, आपल्या हॉलमध्ये दोन्ही पक्षांचे लोक येऊन तिळगूळ देऊन गेले. २०१४ ला फरक पावणेपाच लाखांजवळ, २०१९ ला ताईंच्या जागी आलेले शंकर लालवानी साडेपाच लाखांच्या आसपास. मेंदोला २०२३ ला विधानसभेत लाखाच्या वर. एवढ्या फरकात कोणाचंच मत निर्णायक नसतं. मराठीचंही नाही, मारवाड्याचंही नाही.

रामबागवाला

काका, हे पटलं. म्हणजे मला त्रास होतोय पटताना, पण पटलं. 'त्यात आपला हात आहे' हे मी जरा जास्तच जोरात बोललो. हात असायला आधी वजन लागतं.

लोकमान्यनगरकर

वा. वकिलानं सांगितलं की पटतं, आम्ही सांगितलं की खिसा.

रामबागवाला

तुम्ही वडिलांचं सांगितलंत ते पटलंच होतं. खिशाचा शब्द मागे घेतो. पाकीट म्हणतो.

मिलिंद (मुक्काम पुणे)

म्हणजे मराठी उमेदवार द्यायचाच नाही, असं ठरलं का?

सुदामानगरची सून

मिलिंदभाऊ, तुमचं मतदारयादीत नाव कुठे आहे?

मिलिंद (मुक्काम पुणे)

तो वेगळा विषय आहे.

चौदा_नंबर_बस

उशिरा आलो. उमेदवार पसंत नसेल तर इंदूरकरांकडे उपाय तयार आहे. २०२४ ला काँग्रेसच्या उमेदवारानं ऐनवेळी अर्ज मागे घेतला, तर २ लाख १८ हजार लोकांनी नोटा दाबलं. देशात विक्रम. स्वच्छतेनंतर आपला दुसरा पहिला नंबर. नोटाचं आडनाव काय लावायचं तेवढं मंडळानं ठरवावं.

लोकमान्यनगरकर

विनोद करा. तेवढंच जमतं. २०१९ ला तीन नंबरच्या आमदारानं, आकाश विजयवर्गीयनं, पालिकेच्या अधिकाऱ्यावर बॅट काढल्याचं गाजलं तेव्हा तरी सगळा देश इंदुरकडे बघत होता, तुमच्या नोटाकडे कोण बघतो!

वकीलकाका

त्या प्रकरणात २०२४ ला ते निर्दोष सुटले. नोंदीसाठी सांगतो, बाजूसाठी नाही.

रामबागवाला

हे बघा, बॅट आली. आता दोनशे प्रतिक्रिया कुठे जात नाहीत. कृपा करून नको.

तात्या, एक विचारायचं होतं. दाजींच्या त्या सभेचं, निवडणुकीचं काही घरात आहे का? पत्रक, फोटो, काहीही. धारकरांबद्दलही कोणाकडे काही असेल तर टाका. मी यादी ५७ पासून नीट लिहून काढतो, आळस न करता. ग्रुपवर पाठवतो, ॲडमिन 'गुड मॉर्निंग' म्हणेपर्यंत तरी राहील.

तात्या परदेशीपुरा

पत्रक नाही. झाँकीचा, म्हणजे गिरणीच्या मिरवणुकीतल्या देखाव्याचा, एक फोटो आहे, अनंत चतुर्दशीचा, बाबांच्या खात्यातल्या माणसांचा. मागच्या रांगेत कोपऱ्यात बाबा आहेत. चेहरा नीट दिसत नाही, टोपी दिसते. नातू रविवारी येतो, त्याला सांगतो काढून टाकायला.

लोकमान्यनगरकर, गिरणीच्या धाग्यावर या. तिथे बोलू.

लोकमान्यनगरकर

येतो. पण संपाचे आकडे घेऊन येतो.