अवकाळीचा इशारा आला, तेव्हा तुम्ही काय केले? (फाल्गुन ते वैशाखाचे अनुभव)

फेब्रुवारीच्या अखेरीस हवामान विभाग मार्च ते मे या तीन महिन्यांचा अंदाज जाहीर करतो, आणि गेल्या काही वर्षांत तो वाचण्याआधीच मनाची तयारी झालेली असते. 2022 चा मार्च कमाल तापमानाच्या सरासरीत 1901 पासूनचा देशातील सर्वांत उष्ण मार्च ठरला. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीने तसाच उच्चांक केला. मात्र महाराष्ट्रात हा वाढता उन्हाळा कोरडा येत नाही. उत्तरेकडचे कोरडे वारे आणि बंगालच्या उपसागरावरून बाष्प घेऊन येणारे वारे विदर्भ-मराठवाड्याच्या परिसरात एकमेकांना भिडले, की दुपारभर तापलेल्या जमिनीवर तासा-दोन तासांत उंच ढग उभे राहतात आणि वारा, वीज, पाऊस, कधी गाराही एकाच संध्याकाळी येऊन जातात. अंदाज जिल्ह्याचा असतो, ढग मात्र दोन-चार गावांपुरता असतो. म्हणून या धाग्यात एवढेच विचारायचे आहे, की इशारा हाती आल्यापासून आभाळ फुटेपर्यंत जो वेळ मिळाला, त्यात तुम्ही काय केले आणि काय करायचे राहून गेले? तालुका, महिना आणि पिकाची किंवा कामाची त्या वेळची अवस्था आवर्जून लिहावी, म्हणजे दुसऱ्याला त्याचा उपयोग होईल.

निफाड तालुका, द्राक्ष बागायतदार

आमच्याकडे सगळा जीव टांगणीला लागतो तो मण्यात पाणी उतरल्यानंतर. त्याआधीचा पाऊस औषधांवर भागवता येतो, पण गोडी भरत असताना पाऊस झाला, की मणी आतून पाणी ओढतो आणि देठाजवळ केसाएवढी चीर पडते. ती चीर पहिल्या दिवशी दिसतही नाही. दुसऱ्या दिवशी घडाला हात लावला, की बोटे चिकट होतात आणि मग कळते. तीन वर्षांपूर्वी मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात पिवळा इशारा आला, तेव्हा बाग आणखी पाच-सहा दिवस थांबली असती तर चांगला भाव मिळाला असता. रात्री घरात बसून आम्ही दोघा भावांनी ठरवले, की पूर्वेकडची अर्धी बाग उद्याच खुडायची आणि उरलेली ठेवायची. अर्ध्या बागेला गोडी कमी म्हणून व्यापाऱ्याने भाव पाडला, आणि ठेवलेल्या अर्ध्या बागेवर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वीस मिनिटे पाऊस झाला. पाऊस थांबताच ट्रॅक्टरला ब्लोअर जोडून रात्री अकरापर्यंत घडांत अडकलेले पाणी उडवत होतो, त्यामुळे निम्मा माल तरी वाचला. माझा निर्णय बरोबर होता की चूक, हे मला आजही सांगता येत नाही, पण पाऊस पडून गेल्यावरचे पहिले तीन-चार तास हातचे जाऊ देऊ नयेत, हे मी खात्रीने सांगेन. आता जमेल तशा थोड्या थोड्या ओळींवर प्लास्टिकचे आच्छादन घालतो आहे. खर्च मोठा आहे, आणि सोसाट्याचा वारा सुटला, की तेही सांभाळावे लागते.

रत्नागिरी, हापूस

आमच्या बाजूला पावसाइतकाच घात उन्हाने होतो, हे घाटावरच्या मंडळींना पटकन पटत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये काही दिवस उगवतीकडून घाट उतरून येणारा कोरडा वारा इतका जोर धरतो, की रोज अकराच्या सुमारास येणारा समुद्राचा वारा दुपारी दोन वाजले तरी येत नाही, आणि तेवढ्या तीन तासांत वाटाण्याएवढी फळे देठाशी पिवळी पडून खाली सडा पडतो. अंदाजात "कोकणात उष्णतेच्या लाटेची शक्यता" असे वाक्य दिसले, की आम्ही आदल्या संध्याकाळी कलमांना पाणी देऊन ठेवतो आणि आळ्यात गवताचे आच्छादन करतो. फळ अंड्याएवढे झाल्यावर कागदी पिशव्या घालायला सुरुवात केल्यापासून भाजलेले आंबे कमी निघतात. मे महिन्याच्या पावसाला मात्र आमच्याकडे उत्तर नाही. 2025 मध्ये मे महिन्यातच पावसाने जी झड लावली आणि 26 मे रोजी मोसमी पाऊस मुंबईतही पोहोचला, त्या वर्षी उशिरा मोहरलेल्या झाडांवरचा माल उतरवायला उघडीपच मिळाली नाही.

धागाकर्ता

वरील अनुभवाला जोडून एक माहिती देतो. उष्णतेच्या लाटेचे निकष किनारपट्टीसाठी वेगळे आहेत. मैदानी भागात कमाल तापमान किमान 40 अंश आणि किनाऱ्यावर किमान 37 अंश असावे लागते, शिवाय ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी अधिक असावे लागते. त्यामुळे नागपूरच्या 40 अंशांकडे कोणी वळूनही पाहत नाही, आणि रत्नागिरीच्या 38 अंशांवर मात्र इशारा निघतो.

अकोला, गृहिणी

माझे पीक शेतातले नाही, गच्चीवरचे आहे. पापड, कुरडया, सांडगे यांचे वाळवण एप्रिलमध्ये घालायचे, ही सासूबाईंची पद्धत होती. आता मी मार्चच्या मध्यालाच उरकते, कारण एप्रिलमध्ये सकाळी नऊनंतर गच्चीवर पाय ठेववत नाही आणि संध्याकाळी वावटळ सुटून सगळ्यात माती जाते. आणि रात्रीविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते: दिवसाच्या चव्वेचाळीस अंशांची आम्हाला सवय आहे, पण पहाटे चारलासुद्धा भिंत गरम लागते, तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसाला झोप मिळत नाही आणि दुसऱ्या दिवशी तेच ऊन त्याला दुप्पट बाधते. अंदाज पाहताना मी आता कमाल आकड्याआधी किमान आकडा पाहते.

राहुरी तालुका, उन्हाळी कांदा

एप्रिलमध्ये काढलेला कांदा आम्ही शेतातच ओळीने असा मांडतो, की मागच्या ओळीच्या पातीने पुढच्या ओळीचा कांदा झाकला जावा. तीन-चार दिवसांत पात सुकते, मग माना कापून माल साठवणीच्या चाळीत जातो. नेमक्या त्या दिवसांत इशारा आला, तर काढणीच थांबवावी, असे माझे मत झाले आहे. जमिनीतला कांदा एखादा पाऊस सोसतो, पण उपटलेला भिजला, तर वरून चांगला दिसतो आणि चाळीत महिन्याभराने पाणी सोडतो.

लातूर जिल्हा, निवृत्त शिक्षक

2014 ची गारपीट ज्यांनी पाहिली, त्यांना फेब्रुवारी संपला, की अजूनही धास्ती वाटते. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत ती राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांत थांबून थांबून पडत राहिली. आमच्या गावात गहू कापणीला आला होता आणि हरभऱ्याचे ढीग रानात पडलेले होते. दुपारी चारच्या सुमारास वारा एकाएकी पडला, गार झुळूक आली आणि पत्र्यावर पहिली गार आपटली. पुढे पाव तास शेजारी उभ्या माणसाचे बोलणे ऐकू येत नव्हते. मी एक गार विळ्याने मधोमध कापून मुलांना दाखवली होती. आत कांद्यासारखे पापुद्रे होते, एक दुधी, एक काचेसारखा, कारण ढगातला वर चढणारा वारा तिला गोठणाऱ्या थरात धरून ठेवतो आणि प्रत्येक वेळी तिच्यावर नवे पाणी गोठते. मुले ती गार हातात घेऊन पाहत होती, आणि त्यांतल्या दोघांच्या घरचा गहू त्याच वेळी मातीत गेला होता, हे मला संध्याकाळी कळले. तेव्हापासून मी गावात एकच काम नेमाने करतो. विमा उतरवलेल्या शेतकऱ्याने गारपिटीचे नुकसान 72 तासांच्या आत कळवावे लागे, तोवर (2025 च्या खरिपाआधीपर्यंत) ते घरोघर सांगत असे, आणि ज्यांना मोबाइलवर जमत नाही, त्यांच्या शेतात जाऊन छायाचित्रे काढून देतो. त्या वर्षी अनेकांनी आधी रान आवरले आणि पुरावाही त्याबरोबर उचलला गेला.

फलटण परिसर, मेंढपाळ कुटुंबातील तरुण

वडील कळप घेऊन मुक्कामावर असतात आणि मी तालुक्याच्या ठिकाणी नोकरी करतो. माझ्या मोबाइलवर विजेची सूचना देणारे 'दामिनी' ॲप आहे. त्यावर वडिलांच्या बाजूला खूण दिसली, की मी फोन करतो. गेल्या एप्रिलमध्ये मी फोन केला, तेव्हा ते म्हणाले, "मेंढरं मघापासून एकमेकांच्या पोटाखाली तोंडं खुपसत्यात, मी कवाच झाडापासून लांब काढल्यात." त्यांनी कळप खोलगट माळावर बसवला होता आणि स्वतः काठी दूर टाकून उकिडवे बसले होते. अर्ध्या तासाने त्यांचाच फोन आला: वीज पलीकडच्या बाभळीवर पडली होती, नेहमी ते ज्या बाभळीखाली भाकरी सोडतात त्याच.