सोसायटीत एईडी हवं की आधी सीपीआर?

पिंपळपान: वीस मजली सोसायट्या जिम आणि स्विमिंग पूलवर लाखो घालतात, मग साधारण लाखभराचं एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा शॉक देणारं यंत्र, का नको? १२० फ्लॅट असतील तर घरटी हजारही पडत नाहीत. हृदय अचानक बंद पडलं आणि सीपीआर, म्हणजे छातीवर दाब, मिळत नसेल, तर शॉक लांबला की वाचण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते. १०८ कितीही लवकर आली तरी पुढे गेट, लिफ्ट आहेच. लास वेगासच्या कसिनोंमधला २००० सालचा अभ्यास पाहा. कोसळताना कुणीतरी पाहिलेल्या, व्हीएफ (हृदयाची नुसती थरथर, रक्त पुढे जात नाही) असलेल्या रुग्णांत ३ मिनिटांच्या आत शॉक मिळालेले ७४ टक्के वाचले, त्यानंतर मिळालेले ४९ टक्के.

खडीसाखर: तिथले रक्षक प्रशिक्षित होते आणि माणूस डोळ्यांसमोर पडत होता. आपल्याकडे एजन्सी बदलली की वॉचमन बदलतो. बहुतेक अरेस्ट (हृदय अचानक बंद पडणं) घरात होतात; माणूस चौदाव्या मजल्यावर, एईडीची पेटी क्लबहाऊसमध्ये आणि किल्ली सेक्रेटरीकडे! छातीला चिकटवायच्या पॅडचं जेल साधारण दोन वर्षांत सुकतं, मग ते नीट चिकटतच नाही. त्यापेक्षा घरोघरी सीपीआर शिकवा: छातीच्या मधोमध ५ ते ६ सेंमी खोल, मिनिटाला १०० ते १२० दाब. खर्च जवळपास शून्य.

पिंपळपान: सीपीआरने मेंदूला रक्त मिळत राहतं, पण व्हीएफ थांबवायला शॉकच लागतो. किल्लीचा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य. पेटीला कुलूप नकोच, दार उघडताच वाजणारा अलार्म हवा. जागा तळमजल्यावर, लिफ्टशेजारी. एकाने दाब द्यायचे, दुसऱ्याने फोनवरून वॉचमनला पेटी घेऊन वर बोलवायचं. सोबत कात्री, रेझर, टॉवेल: घामाने भिजलेल्या किंवा केसाळ छातीवर पॅड बसत नाहीत.

उंबरठा: दोघांच्याही आधी अडतं ते ओळखण्यात. माणूस बेशुद्ध असून अधूनमधून आचके देतो, लोकांना वाटतं श्वास चालू आहे, आणि कुणी पाणी पाजायला जातं. तो अरेस्टच समजा. शॉकनंतरही नाडी शोधत बसू नका, लगेच दाब सुरू. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं, पण फक्त रस्ते अपघातात. कमिट्या बिचकतात त्या यामुळे, आणि ही भीती मला खोटी वाटत नाही.

खडीसाखर: कुलूप नसेल तर माझा विरोध निम्मा गळाला. पण ठरावात तीन गोष्टी लिहून घ्या: यंत्र तयार असल्याचा हिरवा दिवा दर आठवड्याला कोण बघणार, पॅड-बॅटरीचे पैसे कुठल्या खात्यातून, आणि नवा वॉचमन आला की त्याला कोण शिकवणार. नावं भरल्याशिवाय मत देणार नाही.